मागे जाणारं बटण जातं कुठे?

वैजापूर तालुक्यात ऑगस्ट उजाडला की मका माणसाच्या उंचीला येतो, कपाशी गुडघ्याच्या वर जाते आणि बांधावर मोबाइल डोळ्यांसमोर धरून उभी असलेली माणसं दिसायला लागतात. ई-पीक पाहणीचे दिवस असतात ते. वावरात काय पेरलंय हे पूर्वी तलाठी सातबाऱ्यावर चढवायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ते काम शेतकऱ्याच्या हातातल्या फोनवर आलं. महसूल आणि कृषी खात्याच्या या प्रकल्पात सुरुवातीच्या ॲपला टाटा ट्रस्टचा हातभार होता. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा’ ही घोषणा तेव्हा गावोगावच्या फलकांवर होती.

या नोंदीला पैशाची किंमत आहे. २०२३ साली कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपयांचं अनुदान जाहीर झालं, तेव्हा सातबाऱ्यावर कांद्याचा पेरा लागलेला आहे का, हा पहिला प्रश्न होता. त्याच वर्षीच्या खरिपातल्या कपाशी-सोयाबीनला हेक्टरी पाच हजार रुपये मिळाले, तेही मुख्यतः ई-पीक पाहणीच्या नोंदीवर. म्हणजे फोनवरचा फॉर्म अर्धवट राहिला तर नुसता वेळ जात नाही.

आता कोड्याकडे येऊ. खाते क्रमांक निवडला, गट क्रमांक निवडला, हंगाम, पिकाचा वर्ग, पिकाचं नाव, क्षेत्र, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख, सगळं भरत पुढे गेलो. मग लक्षात आलं की ‘विहीर’ऐवजी ‘कालवा’ निवडलाय. नांदूर मधमेश्वरचा कालवा तालुक्यातून जातो खरा, पण तो प्रत्येकाच्या वावरात पोचत नाही. दुरुस्ती करायला मागे जाण्याचं बटण दाबलं. इथे तीन गोष्टी घडू शकतात. आधीची स्क्रीन उघडते आणि भरलेलं सगळं जागेवर असतं. किंवा आधीची स्क्रीन उघडते, पण कोरी. किंवा थेट ॲपच मिटतं आणि समोर फोनचा वॉलपेपर येतो.

बटण एकच, दाबणारा एकच. बँकेच्या ॲपमध्ये, रेल्वेचं तिकीट काढताना, कॉलेजचा प्रवेश अर्ज भरताना, सगळीकडे हा अनुभव येतो आणि बहुतेक लोक स्वतःला दोष देऊन मोकळे होतात: ‘आपल्याला नाही जमत हे.’ खरं तर त्या बटणाने काय करायचं हे कोणीतरी आधी ठरवलेलं असतं. किंवा ठरवायचं राहून गेलेलं असतं.

स्क्रीन आधीपासून तयार नसते

वहीची पानं आपण उघडण्यापूर्वीही वहीत असतात. ॲपच्या स्क्रीन तशा नसतात. आपण ‘पीक माहिती नोंदवा’वर बोट टेकवतो तेव्हा त्या क्षणी ती स्क्रीन फोनच्या मेमरीत बांधली जाते: हे मथळ्याचे शब्द, ही रिकामी चौकट, ही यादी, हे बटण. बांधून झाली की आधीच्या स्क्रीनच्या वर ठेवली जाते. आधीची नाहीशी होत नाही, खाली झाकली जाते.

तव्यावरून उतरलेली भाकरी चवडीवर पडते, तसंच हे. दुसरी भाकरी पहिलीवर, तिसरी दुसरीवर. जेवायला बसल्यावर हात घालायचा तो वरच्या भाकरीला. सगळ्यात आधी थापलेली तळाशी असते, ती शेवटी निघते. फोनमध्ये उघडलेल्या स्क्रीनचीही अशीच चवड होते. पुढे गेलो की वर एक स्क्रीन पडते. मागे गेलो की वरची उचलून टाकली जाते आणि तिच्याखालची दिसू लागते.

मागचं बटण ‘मागे’ कुठेच जात नाही. ते फक्त वरची स्क्रीन काढतं.

एवढं लक्षात घेतलं की तीनपैकी दोन परिणामांचा उलगडा होतो. चवडीत खाली स्क्रीन असेल तर ती दिसेल, आणि तिच्यावर आपण जे लिहिलं होतं तेही सहसा दिसेल, कारण ती तिथेच झाकलेली होती. चवडीत एकच स्क्रीन उरली असेल तर ती काढल्यावर दाखवायला काही राहत नाही, म्हणून ॲप मिटतं. आता तुम्ही म्हणाल, मी तर पाचव्या टप्प्यावर होतो, मग चवडीत एकच कशी? पुष्कळदा असं असतं की बनवणाऱ्याने पाच टप्प्यांसाठी पाच स्क्रीन केलेल्याच नसतात. स्क्रीन एकच; ‘पुढे’ दाबलं की तिच्यातला मजकूर तेवढा बदलतो. आपल्याला ते पाच टप्पे वाटतात, फोनच्या हिशेबी ती एकच भाकरी असते. तिसरा परिणाम, म्हणजे स्क्रीन परत येऊनही कोरी असणं, याचं कारण वेगळं आहे आणि ते जरा खोल आहे. त्याच्याकडे पुढे येऊ.

मागे, वर आणि बाहेर

मागे जाण्याचं बटण हे मुळात ॲन्ड्रॉइडचं वैशिष्ट्य. २००८ साली ॲन्ड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला, तेव्हा त्याच्या अंगावरच मागे जाण्याचं खरंखुरं बटण होतं. पुढे ते पडद्याच्या तळाशी आलं, आणि २०१९च्या ॲन्ड्रॉइड १० पासून तर पडद्याच्या कडेवरून आत बोट सरकवणं हेच ‘मागे’ झालं. २००७च्या आयफोनला असं बटण कधीच नव्हतं. तिथे प्रत्येक ॲपने आपल्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बाण द्यायचा, असा रिवाज पडला. २०१३ पासून कडेवरून बोट सरकवण्याची सोयही आली.

त्यामुळे आज ॲन्ड्रॉइडच्या ॲपमध्ये मागे नेणाऱ्या दोन गोष्टी शेजारी नांदतात: फोनची स्वतःची ‘मागे’ची खूण आणि ॲपच्या डोक्यावरचा बाण. दोन्ही एकच काम करतात असं वाटतं, पण त्यांत फरक आहे. फोनचं ‘मागे’ तुम्ही ज्या वाटेने आलात त्या वाटेने उलटं नेतं, मग ती वाट दुसऱ्या ॲपमधून आलेली का असेना. डोक्यावरचा बाण ॲपच्या आतच राहतो. सध्याच्या स्क्रीनची जी वरची पायरी ठरवलेली आहे तिथे नेतो आणि ॲपच्या बाहेर कधी काढत नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून तुम्ही एखाद्या बातमीत शिरलात, तर फोनचं ‘मागे’ व्हॉट्सॲपवर परत नेईल आणि बाण बातम्यांच्या मुखपृष्ठावर.

ॲन्ड्रॉइड १२ मध्ये, २०२१ साली, एक छोटा पण चांगला बदल झाला. चवडीत शेवटची स्क्रीन असताना मागे दाबलं तर आधी ती मोडून टाकली जायची. आता ती नुसती नजरेआड होते. चुकून बाहेर पडलेला माणूस पुन्हा ॲप उघडतो, तेव्हा होता तिथेच सापडतो.

चवड हाताने रचावी लागते

नवशिक्या प्रोग्रॅमरला वाटतं, पुढे जाण्याचं बटण लावलं की झालं, मागे जाण्याचं फोन बघून घेईल. फोन बघून घेतो, पण अगदी अक्षरशः: जे ज्या क्रमाने ठेवलं ते त्याच क्रमाने काढतो. आणि माणसाला नेहमी तसं नको असतं.

लॉगिनचं उदाहरण घ्या. मोबाइल नंबर टाकला, चार अंकी संकेतांक टाकला, आत आलो. या क्षणी चवडीत तळाशी लॉगिनची स्क्रीन आहे, वर मुख्य स्क्रीन. इथे मागे दाबल्यावर पुन्हा लॉगिन दिसलं तर माणूस गोंधळतो: ‘मी बाहेर पडलो की काय?’ म्हणून आत आल्याबरोबर लॉगिनची स्क्रीन खालून काढून टाकावी लागते.

नोंद सादर केल्यावरचा प्रकार याहून नाजूक. ‘माहिती साठवली’ असं आलं, शेतकऱ्याने सवयीने मागे दाबलं, आणि समोर तोच भरलेला फॉर्म, खाली तेच ‘सादर करा’ बटण. नोंद गेली की नाही अशी शंका येऊन तो पुन्हा दाबतो. एकाच गटात एकच कपाशी दोनदा. चांगल्या ॲपमध्ये सादर केल्याबरोबर फॉर्मच्या सगळ्या स्क्रीन एकगठ्ठा उचलल्या जातात आणि मागे दाबल्यावर थेट मुख्य स्क्रीन येते. शिवाय सर्व्हरवरही दुसरी तीच नोंद नाकारण्याची तजवीज हवी, कारण नेट अडखळलं की माणूस बटण दोनदा दाबणारच.

तिसरी चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात कमी समजते. मेनूत ‘मुख्य पान’ असा पर्याय असतो. तो दाबला की बनवणाऱ्याने खालच्या मुख्य स्क्रीनवर परत न्यायचं सोडून नवी मुख्य स्क्रीन वर रचलेली असते. दिवसभरात आठ वेळा मुख्य पानावर गेलात, तर चवडीत आठ मुख्य पानं. मग बाहेर पडताना मागे, मागे, मागे, आणि दर खेपेला तेच पान. ‘ॲप अडकलं’ असं लोक म्हणतात. ॲप अडकलेलं नसतं. ते इमानदारीने एकेक थर उतरवत असतं.

आणि उलटा प्रकार म्हणजे सूचनेवरून आत येणं. समजा, फोनच्या वरच्या पट्टीत ‘तुमची एक नोंद पाठवायची राहिली आहे’ असा निरोप आला. त्यावर टेकवलं की ॲप थेट अपलोडच्या स्क्रीनवर उघडतं. पण या वाटेने आल्यामुळे तिच्याखाली काहीच नाही. मागे दाबलं की बाहेर. म्हणून अशा वेळी ॲपने खालची स्क्रीन मुद्दाम रचून ठेवायची असते, जणू माणूस मुख्य पानावरूनच इथे आला. वापरणाऱ्याने ती वाट कधी चाललेली नसते, तरी परतीला ती त्याला सापडते. या व्यवसायातली ही मला सगळ्यात आवडणारी लबाडी.

गूगलने २०१८ मध्ये ॲन्ड्रॉइडच्या प्रोग्रॅमरांसाठी एक साधन आणलं, त्यात ॲपच्या सगळ्या स्क्रीन एका नकाशावर मांडता येतात आणि कुठून कुठे बाण जातो, जाताना खालचं काय उचलायचं, हे तिथेच लिहिता येतं. फ्लटर या दुसऱ्या साधनात तर स्क्रीन वर ठेवायच्या आणि काढायच्या आज्ञांची नावंच ‘पुश’ आणि ‘पॉप’ आहेत. साधन कुठलंही घ्या, खरं काम आधी कागदावर होतं. वैजापुरात किंवा संभाजीनगरात बीसीए करणाऱ्या मुलांना माझा आग्रह असतो की प्रकल्पाचा कोड लिहिण्याआधी चौकोन आणि बाण काढा, आणि प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न विचारा: इथे उभं राहून मागे दाबलं तर काय? जिथे उत्तर सुचत नाही तिथे ॲप फुटणार आहे.

त्रेचाळीस हजार गावं आणि चार टिचक्या

परतीची वाट झाली, आता जाण्याची. महाराष्ट्रात त्रेचाळीस हजारांहून अधिक गावं आहेत. ती सगळी एकाच यादीत दिली तर आपलं गाव गाठेपर्यंत बोट दुखेल. शिवाय वडगाव आणि पिंपळगाव इतकी आहेत की आपलं कुठलं ते कळायचं नाही. तालुक्यांचीही नावं एकासारखी एक: कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगरातही, खेड पुण्यात आणि रत्नागिरीतही, मालेगाव नाशिकला आणि वाशीमलाही.

म्हणून महसूल विभाग, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव, अशी उतरंड येते. विभाग सहा. छत्रपती संभाजीनगर विभाग निवडला की मराठवाड्याचे आठ जिल्हे. आपला जिल्हा निवडला की नऊ तालुके. वैजापूर निवडलं की दीडशेहून अधिक गावं. वाचायच्या ओळी मोजा: सहा, आठ, नऊ आणि दीडशे. त्रेचाळीस हजारांतून आपलं गाव शोधायला पावणेदोनशे ओळींचा ऐवज पुरतो आणि चार टिचक्या. हिशेब छान आहे, पण शेवटची यादी अजूनही लांबच आहे. तिथे वर अक्षरं टाकून गाळायची सोय दिली की काम सोपं होतं. खातेदार शोधताना ई-पीक पाहणीत पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, खाते क्रमांक आणि गट क्रमांक असे पाच मार्ग आहेत. अर्धं गाव एका आडनावाचं असेल तर आडनावाने शोधून हाती पुन्हा लांब यादीच येते. गट क्रमांक पाठ असेल तर तोच मार्ग धरावा.

मग उतरंड आणखी खोल का नाही करत? दर पायरीला दोनच पर्याय दिले तर निवडणं किती सोपं! अमेरिकेतले संशोधक डी. पी. मिलर यांनी १९८१ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. ६४ शब्द घेऊन त्यांनी मेनू चार तऱ्हांनी लावले: एकाच यादीत ६४; आठ-आठचे दोन स्तर; चार-चारचे तीन; दोन-दोनचे सहा. लोकांना सर्वांत लवकर सापडलं ते आठ-आठच्या दोन स्तरांत. दोनच पर्यायांचे सहा स्तर म्हणजे सहा वेळा थांबा, वाचा, ठरवा. आणि एका ठिकाणी चुकलात तर बाकीचे सगळे फुकट. पर्याय कमी म्हणजे मेनू सोपा, हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे.

अशा एकातून एक निघणाऱ्या याद्यांमध्ये एक हमखास खोट राहते. तुम्ही जिल्हा, तालुका, गाव निवडलं आणि मग वर जाऊन जिल्हा बदलला. खालचा तालुका आणि गाव त्याच क्षणी पुसलं गेलं पाहिजे. नाही पुसलं तर जालना जिल्ह्यातलं वैजापूर अशी अजब नोंद तयार होते. वरचं बदललं की खालचं कोरं करायचं, हा नियम इतका उघड आहे की लिहायचा राहून जातो.

जाता जाता एक गंमत. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. राज्यातले सगळे जिल्हे वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत ‘औरंगाबाद’ वरच्या टोकाला सापडायचा. ‘छत्रपती संभाजीनगर’ च-छ-जच्या गर्दीत गेला. सवयीने वरची ओळ दाबणाऱ्याचं बोट चुकणारच. पण आतल्या हिशेबाला त्याचं काही नाही, कारण नीट बांधलेलं ॲप जिल्ह्याचं नाव साठवत नाही, क्रमांक साठवतं. केंद्र सरकारच्या निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला आणि गावाला ठरलेला क्रमांक आहे. नाव ही फक्त दाखवायची पाटी. ती बदलली तरी जुन्या नोंदी जिथल्या तिथे राहतात.

अंगठा कुठवर पोचतो

स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यात, बसथांब्यांवर, हॉटेलांत फोन वापरणाऱ्या १,३३३ लोकांकडे नुसतं पाहिलं. त्यातले जे पडद्याला बोट लावत होते, त्यांपैकी ४९ टक्के फोन एका हातात धरून अंगठ्यानेच चालवत होते. वावरात उभ्या माणसाचं काय होतं ते सांगायला नको. एका हातात फोन, दुसऱ्या हातात मक्याचं पान बाजूला धरलेलं. मोठ्या पडद्याच्या फोनवर अंगठा वरच्या कोपऱ्यात पोचत नाही. आणि नेमकं त्याच कोपऱ्यात वर्षानुवर्षं मेनू ठेवला गेला: तीन आडव्या रेघांचा.

ही तीन रेघांची खूण १९८१च्या झेरॉक्स स्टार या संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी काढली होती. रेघा म्हणजे यादीतल्या ओळी. ती विस्मरणात गेली आणि स्मार्टफोन आल्यावर परत आली, कारण लहान पडद्यावर सगळं लपवायला ती फार सोयीची. लपवणं हीच तिची अडचणही आहे. जे दिसत नाही ते आहे हेच लोकांना कळत नाही. फेसबुकने २०१३ मध्ये आयफोनवर हा मेनू मागे सारून महत्त्वाची बटणं तळाच्या पट्टीत आणली. तेव्हापासून तळपट्टीचं राज्य आहे. गूगलच्या मार्गदर्शिकेत तळपट्टीत तीन ते पाच बटणं असावीत असं म्हटलंय. दोन असतील तर पट्टीची गरज नाही, सहा झाली की बोट शेजारच्या बटणावर पडतं.

बोटाचा प्रश्न जुना आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवलं की एखाद्या लक्ष्यावर हात नेमका टेकवायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो: ते किती दूर आहे आणि किती मोठं आहे. गूगलच्या मार्गदर्शिकेतल्या मापाने दाबायची जागा साधारण ९ मिलिमीटरची असावी. संभाजीनगरातल्या वातानुकूलित खोलीत ६ मिलिमीटरही चालतील. निंदणी करून आलेल्या, मातीने भरलेल्या बोटाला दुपारच्या उन्हात चालत नाहीत.

| चौकट: कुठला मेनू कशासाठी |
|---|
| तळपट्टी: रोज लागणारी तीन ते पाच कामं. प्रत्येक बटणाखाली शब्द हवाच. नुसत्या चित्रावरून ‘अपलोड’ आणि ‘डाउनलोड’ यांत गल्लत होते. |
| तीन रेघा: क्वचित लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे भाषा, मदत, परिचय, बाहेर पडा. |
| वरचे टॅब: एकाच विषयाचे सारख्या दर्जाचे भाग. उदाहरणार्थ, पाठवलेल्या नोंदी आणि राहिलेल्या नोंदी. |
| मुख्य पानावरची मोठी बटणं: जिथे माणूस ठरवून एकच काम करायला येतो. ई-पीक पाहणीचं मुख्य पान याच वळणाचं आहे. |

तळपट्टीचा चवडीशी एक गमतीशीर संबंध येतो. प्रत्येक बटणाची स्वतःची वेगळी चवड असावी लागते. ‘नोंदी’मध्ये तीन स्क्रीन खोल गेलात, मध्येच ‘हवामान’ बघून आलात आणि पुन्हा ‘नोंदी’ दाबलं, तर तिथेच तिसऱ्या स्क्रीनवर यायला हवं. ॲन्ड्रॉइडच्या त्या नकाशावाल्या साधनात ही सोय यायला २०२१ उजाडलं. तोवर जो तो आपापल्या पद्धतीने जुगाड करत होता.

कॅमेरा उघडला आणि फॉर्म गेला

आता तो राहिलेला तिसरा परिणाम: स्क्रीन परत आली, पण कोरी. हे कुठल्याही ॲपमध्ये होऊ शकतं, आणि सगळ्यात जास्त होतं ते फॉर्म भरून झाल्यावर फोटो काढायला कॅमेरा उघडतो तेव्हा.

फोनच्या मेमरीत जागा मोजकी असते. दोन-तीन जीबीच्या जुन्या फोनवर ती कायम भरलेलीच. कॅमेरा हे मेमरीचं मोठं गिऱ्हाईक. तो जागा मागतो, तेव्हा ॲन्ड्रॉइड बघतं की सध्या समोर नसलेलं कोण आहे. समोर कॅमेरा आहे, म्हणजे आपलं फॉर्मचं ॲप मागे गेलेलं. त्यालाच बंद करून जागा मोकळी केली जाते. हे न विचारता, न सांगता घडतं. फोटो काढून ‘ओके’ केलं की ॲन्ड्रॉइड आपलं ॲप पुन्हा नव्याने सुरू करतं आणि चवडही पुन्हा रचून देतं. स्क्रीन कोणत्या होत्या आणि कोणत्या क्रमाने, हे ते विसरत नाही. पण त्या स्क्रीनवर काय भरलं होतं, ते बरंचसं ॲपने स्वतः सांगून ठेवायचं असतं.

बंद करण्यापूर्वी ॲन्ड्रॉइड ॲपला एक लहानशी पिशवी देतं: लागेल ते यात ठेव, परत आल्यावर देईन. पिकाचं नाव, क्षेत्र, तारीख अशा चार गोष्टी त्यात मावतात. फोटो मावत नाही. म्हणून फोटो फाइल म्हणून साठवायचा आणि पिशवीत फक्त त्याचा पत्ता ठेवायचा. प्रोग्रॅमरने ही पिशवी वापरलीच नाही, तर परत आलेला फॉर्म कोरा. आणि गंमत अशी की प्रोग्रॅमरच्या स्वतःच्या टेबलावर हे घडत नाही. त्याच्याकडे बारा जीबीचा फोन असतो, कॅमेरा आणि फॉर्म दोघांनाही ऐसपैस जागा असते. तक्रार आली की तो प्रामाणिकपणे म्हणतो, ‘माझ्याकडे तर चालतंय.’

एक गोष्ट आपल्या हातात आहे. उघडी ॲप दाखवणाऱ्या यादीत जाऊन सगळी वर ढकलून ‘साफ’ करायची सवय पुष्कळांना असते. असं केलं की ती पिशवीही फेकली जाते, कारण ॲन्ड्रॉइडला वाटतं, मालकाने हे काम मुद्दाम संपवलं. फॉर्म अर्धा भरलेला असताना ही साफसफाई करू नये.

याहून पक्का उपाय म्हणजे मसुदा. प्रत्येक टप्पा संपला की भरलेलं फोनमधल्या छोट्या डेटाबेसमध्ये लिहून टाकायचं. एस्क्यूलाइट नावाचा असा डेटाबेस २००० सालापासून आहे आणि ॲन्ड्रॉइड नि आयफोन दोन्हीत तो आतच बसवलेला असतो. मग फोन बंद पडो, बॅटरी संपो, मेमरी जावो, फॉर्म जिथे होता तिथून पुढे चालू.

मसुद्याची ही सोय असली की नेटचाही प्रश्न बराचसा सुटतो. रोटेगाव स्टेशनच्या आसपास मिळणारी रेंज गोदाकाठच्या एखाद्या वावरात मिळेलच असं नाही. ई-पीक पाहणीत म्हणूनच ‘अपलोड’ हे वेगळं बटण आहे. फोटो वावरातच काढावा लागतो, कारण फोनचं ठिकाण गटाशी ताडून पाहिलं जातं. पाठवणं मात्र गावात रेंजमध्ये आल्यावर करता येतं. रचना शहाणपणाची आहे. धोका एवढाच की ‘साठवलं’ आणि ‘पाठवलं’ यांतला फरक स्क्रीनवर ठळक हवा. साठवलेल्या नोंदीलाच पाठवलेली समजून माणूस घरी गेला तर सातबारा कोराच राहतो. रंग वेगळा, शब्द वेगळा, आणि मुख्य पानावर ‘२ नोंदी पाठवायच्या बाकी’ असा आकडा दिला तर फसगत टळते.

खालची स्क्रीन डोकावून बघणं

ॲन्ड्रॉइडवर कडेवरून बोट सरकवताना पुढे काय उघडणार हे आधी कळत नव्हतं. कळायचं ते गेल्यावर. २०२२च्या ॲन्ड्रॉइड १३ पासून गूगलने यावर काम सुरू केलं, आणि २०२४च्या ॲन्ड्रॉइड १५ मध्ये, ज्या ॲपनी ही सोय अंगीकारली त्यांना, ती थेट मिळू लागली. बोट हळूच आत ओढलं की वरची स्क्रीन थोडी आकसते आणि तिच्याखाली काय आहे ते दिसतं. फोनचा वॉलपेपर दिसला तर समजायचं, आता सोडलं तर बाहेर पडणार. बोट न उचलता परत कडेकडे न्यायचं, की काहीच बिघडत नाही. ॲन्ड्रॉइडवरची चवड आता वापरणाऱ्याच्या डोळ्यांना दिसू लागली आहे.

ॲप बनवणाऱ्यांसाठी एक परीक्षा मात्र जुन्या फोनपासून उपलब्ध आहे आणि फुकट आहे. सेटिंग्जमध्ये ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ चालू केले की आत ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ असा एक खटका सापडतो. तो चालू केला की नजरेआड गेलेली प्रत्येक स्क्रीन फोन ताबडतोब मोडून टाकतो. बारा जीबीचा फोन स्क्रीनच्या बाबतीत दोन जीबीच्या फोनइतकाच विसराळू होतो. तसा तो चालू ठेवून फॉर्म अर्धा भरायचा, कॅमेरा उघडायचा, एक फोन घ्यायचा, पडदा आडवा करायचा आणि मग मागे दाबायचं. क्षेत्राच्या चौकटीत मघाशी टाकलेला आकडा तसाच असेल, तर ॲप वावरात न्यायला हरकत नाही.